समोरच्याचा उजवा हात

वाटीतल्या कोमट तेलात बुडवलेली बोटं दुर्गाबाईंनी रुख्मिणीच्या पोटावर टेकवली आणि चटका बसावा तशी उचलली. पुन्हा टेकवली, या खेपेला अगदी हलकी. मग हात मागं घेऊन पदराला पुसला आणि तेलाची वाटी भिंतीकडं सरकवून दिली.

"काहून? काय झालं?" माणिकबाईंनी विचारलं.

"मी हे पोट चोळत नाही, बाईसाहेब."

माणिकबाई रुख्मिणीच्या सासूबाई, घरच्या देशमुखीण. तीस वर्षांत त्यांनी दुर्गाबाईंच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. पूर्णेकाठच्या त्या गावात कुणाचंही पोट दुखलं की बेंबी सरकली असं ठरायचं, आणि ती जागेवर आणायला दुर्गाबाईंना बोलावणं जायचं. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. रुख्मिणीचा नवरा गोवर्धन, जो आता ओसरीवर येरझारा घालत होता, तोही त्यातलाच.

"बेंबी सरकली हाये. न चोळता कशी जागेवर येते?"

"हे बेंबीचं नाही. काल दिवे लागले तवा बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडं खाली उतरलं. पाहा तुमी, पाय सरळ करून नाही राहिली ती."

रुख्मिणी उजवा गुडघा पोटाशी ओढून पडली होती. पदराचं टोक दातात धरलं होतं. अठरा वर्षांची पोर, या घरात येऊन चार वर्षं झालेली. या चार वर्षांत ओसरीवरच्या एकाही माणसानं तिचा आवाज ऐकला नव्हता, आणि आताही तो ऐकू जाऊ नये म्हणून ती जिवाचं रान करत होती. दुर्गाबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. अंग तापलं होतं.

देशमुखांकडं गोषा होता. घरच्या बायका उंबरा ओलांडायच्या त्या पडदा लावलेल्या बैलजोडीच्या दमणीत बसायला, आणि गेल्या सालापासून मोटारीत. नात्याबाहेरच्या पुरुषानं सुनेचं नखसुद्धा पाहायचं नाही, ही त्या घराची अब्रू. खुशालराव देशमुख तालुक्याच्या सभेत बसून मुलींच्या शाळेला देणगी देऊन आले होते, पण अब्रू ही घरची गोष्ट, ती सभेत न्यायची नसते.

तरी सून तळमळते म्हटल्यावर त्यांनी सकाळीच मोटार दर्यापूरला धाडली होती. ती डॉक्टर हरिहरांना घेऊन आली. हरिहर नागपूरच्या सरकारी डॉक्टरीच्या शाळेत चार वर्षं शिकून, परीक्षा देऊन आलेले, तिशीतले, कोट घालणारे आणि कमी बोलणारे. त्यांना ओसरीवरच्या मोठ्या खुर्चीत बसवलं. एकदा डेप्युटी कमिशनर त्या खुर्चीत बसून चहा पिऊन गेले होते, तेव्हापासून ती मान असलेल्या पाहुण्यालाच मिळे.

माजघराच्या दाराला जाड पडदा लावला आणि रुख्मिणीचा पलंग आतून दाराशी ओढून घेतला. तिची उशी आतल्या भिंतीकडं, पाय पडद्याकडं. पडदा चौकटीला एका अंगानं चार बोटं अपुरा पडायचा. आत रोगी, बाहेर डॉक्टर, मधे फार तर दोन हात. पण ते दोन हात ओलांडायची परवानगी साहेबाच्या राज्यात खुद्द साहेबालाही नव्हती.

"पोट तपासावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"ते आमच्यात होत नाही," खुशालराव म्हणाले. "तुमाले जे इचारायचं ते इचारा. गोवर्धन पाहून सांगते."

डॉक्टरांनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा खुशालरावांकडं. त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली. दर्यापूरात दवाखाना मांडून त्यांना दोन वर्षंच झाली होती, आणि तालुक्यात देशमुखांच्या शब्दाला वजन होतं. आठी आली तशी गेली.

"नेमकं कुठे दुखतं ते विचारा," त्यांनी गोवर्धनला सांगितलं.

गोवर्धन आत गेला आणि पलंगाच्या पायथ्याशी, पडद्याला पाठ लावून उभा राहिला. आई समोर असल्यामुळं बायकोशी सरळ बोलणं त्याला जड जात होतं. "कोठी?" एवढंच त्यानं विचारलं. सासू समोर असल्यामुळं रुख्मिणीही बोलली नाही. तिनं तळवा उचलून पोटावर उजवीकडं खाली ठेवला. गोवर्धननं मान हलवली, बाहेर गेला, डॉक्टरांपुढं उभा राहिला आणि आपल्या सदऱ्यावर हात ठेवून जागा दाखवली.

दुर्गाबाई उशाशी होत्या तिथून उठून पडद्याच्या फटीशी आल्या होत्या. गोवर्धनचा हात त्याच्या पोटावर डावीकडं होता.

त्यांना वाटलं, पोरगा घाबरलाय, आता हात हलवील. त्यानं हलवला नाही. उलट डॉक्टरांनी "इथेच का?" म्हणून विचारलं तेव्हा बोटानं दाबून दाखवलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते काय, हे दुर्गाबाईंनी त्या फटीतून डोळ्यांनी पाहिलं. दुखत होतं एकीच्या पोटात आणि तपासलं जात होतं दुसऱ्याचं.

"शौचाला झालं होतं का?"

"दोन दिस नाही," गोवर्धन म्हणाला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली म्हणून त्यानं ठोकून दिलं.

"उलटी?"

"नाही जी."

उलटी पहाटे झाली होती. ती दुर्गाबाईंनी स्वतः राखेनं पुसली होती.

डॉक्टरांनी मान डोलावली. "डाव्या बाजूला खाली, शौच नाही. मळ साचला आहे. एरंडेल द्या, भरपूर. संध्याकाळपर्यंत मोकळं वाटेल."

ओसरीवरचा ताण सैल झाला. एरंडेल म्हणजे घरचंच औषध, त्यात भिण्यासारखं काय. खुशालरावांनी पानाचा डबा पुढं ओढला. पडद्याआड माणिकबाई कपाटाकडं वळल्या.

दुर्गाबाईंनी पडदा जरासा बाजूला करून तोंड बाहेर काढलं. "डॉक्टरसाहेब, दुखणं उजवीकडं हाये."

"बाई, मी यांना विचारतो आहे," डॉक्टर म्हणाले. स्वर तुसडा नव्हता. शाळेत मास्तर खोडी न केलेल्या पोराला गप्प बसवतात तसा होता.

"मी आत्ता माह्या डोयानं पाहून आलो, मावशी," गोवर्धन म्हणाला, आणि तेही खोटं नव्हतं.

"दुर्गाबाई, तुमी पोट चोळा," खुशालराव सुपारी कातरत म्हणाले. "दवाईचं त्याइले पाहू द्या."

त्या आत आल्या. कानशिलं तापली होती. तीस वर्षं या घरानं त्यांच्या हातावर विश्वास टाकला होता, वंशाचा दिवा त्यांच्या हातात दिला होता, आणि आज उजवं कोणतं नि डावं कोणतं एवढंही त्यांच्या तोंडून कुणाला ऐकायचं नव्हतं. जिच्या पोटात आग पडली होती तिला तर कुणी विचारलंच नव्हतं. माणिकबाईंनी बाटलीचं बूच काढलं. कोमट दुधाच्या वाटीत एरंडेलाची जाड धार पडू लागली. रुख्मिणीनं डोळे उघडून वाटीकडं पाहिलं, मग दुर्गाबाईंकडं.

दुर्गाबाईंना अकरा वर्षांपूर्वीची दुसरी वाटी आठवली. तीही त्यांनीच भरली होती.

"थांबा बाईसाहेब. पाजू नका," त्या म्हणाल्या, आणि पडदा सारून ओसरीवर गेल्या.

ओसरीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. त्या ओसरीवर बक्षीस घ्यायला आलेला माणूसही परत जाताना तोंड मालकांकडं ठेवून, मागं सरकत पायऱ्या उतरायचा. दुर्गाबाईंनी एकवार डॉक्टरांकडं पाहिलं आणि त्यांना, खुशालरावांना आणि त्या मोठ्या खुर्चीला पाठ करून उभ्या राहिल्या.

खुशालरावांचा अडकित्ता थांबला.

"डॉक्टरसाहेब, आता माह्या मांगून पाहा," त्या पडद्याकडं तोंड करून म्हणाल्या. "तुमचा उजवा हात अन् माहा उजवा हात एकाच अंगाले हाये ना? रुख्मिणी इथं दाखवून राहिली." त्यांनी उजवा तळवा पोटावर खाली ठेवला. "गोवर्धनभाऊ तिच्या समोर उभे होते, पायथ्याशी. समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या अंगाले दिसते. भाऊनं पाहिलं ते खरं हाये. दाखवलं ते उलटं."

डॉक्टरांनी आपला उजवा हात पाहिला. मग समोर उभ्या असलेल्या गोवर्धनचा पाहिला. ते खुर्चीतून उठले.

"पाय कसा ठेवला आहे?" त्यांनी त्या पाठीला विचारलं.

"उजवा गुडघा पोटाशी. सरळ केला तर ओठ चावते."

"उलटी?"

"पहाटे एक झाली. अंगात ताप हाये."

"तुम्ही दाबून पाहिलंत?"

"नुसतं टेकवलं जी. हात टेकवला तर दुखते, पन उचलला की त्याहून जास्त. पोट हाताले आत घेत नाही. फळीवानी झालं त्या अंगाले."

"एरंडेल पाजलं?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"वाटी भरली हाये."

"देऊ नका. पाणीसुद्धा देऊ नका. चोळू नका, शेकू नका." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "बाई, चोळायचं नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

दुर्गाबाई वळल्या नाहीत. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अकरा वर्षं कुणाला दिलं नव्हतं, आणि ज्या बाईचं पोट हातावर चालतं तिनं ते चारचौघांत द्यायचंही नसतं.

"गोदाबाईची लेक अशीच होती. असाच गुडघा, असाच ताप. तिचं पोट मी या हातानं चोळलं. एरंडेल मीच पाजलं. दुसऱ्या दिशी पोट फुगलं अन् तिसऱ्या दिशी पोरगी गेली. गोदाबाई म्हने, नशीब. मी बी म्हनलं, नशीब. ते नशीब नव्हतं जी."

त्यांचा चेहरा ओसरीवरच्या कुणालाच दिसत नव्हता. दिसत होती ती अंबाडा बांधलेली मान आणि विरलेल्या लुगड्याची पाठ.

डॉक्टरांनी खुशालरावांना बाजूला घेतलं. आतड्याच्या शेपटाला सूज आली आहे, ते पिकून फुटलं तर हातात काही राहणार नाही, अमरावतीला बायकांच्या दवाखान्यात बाईडॉक्टर आहे, आजच्या आज पोट चिरावं लागेल. बाईडॉक्टर आहे हे ऐकून खुशालराव कबूल झाले. पण मोटारीचे पडदे धुवायला काढलेले होते. वाळले होते, पण दोन कड्या तुटल्या होत्या. पडदे लागल्याशिवाय मोटार हलणार नाही असं त्यांनी सांगितलं, आणि शिंप्याला बोलावणं गेलं.

शिंपी आला, दोरा ओवला, कड्या टाकल्या. सूर्य डोक्यावर आला. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया भाकर खायला बसल्या. ओसरीवर डॉक्टर खिशातलं घड्याळ काढून पाहत होते आणि पुन्हा खिशात घालत होते. एकदाही त्यांनी तोंड उघडून म्हटलं नाही की देशमुख, खड्ड्यात जाऊ द्या तो पडदा. दुर्गाबाई पायरीशी बसून शिंप्याच्या सुईकडं पाहत राहिल्या. पोर आत मरणाशी झगडत होती आणि बाहेर तिच्या अब्रूला टाके पडत होते. त्यांना त्या सुईचा, त्या घड्याळाचा, त्या खुर्चीचा इतका संताप आला की ती सुई हिसकायला हात पुढं जाऊ लागले. ते त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

मोटार निघाली तेव्हा त्या दाराशी गेल्या. रुख्मिणीचा गुडघा धरून बसायला कुणी तरी जाणतं हवं होतं. खुशालरावांनी मोटारीचं दार लावून घेतलं.

"तुमी राहा," ते म्हणाले. "अन् उद्यापासून आमच्या ओसरीवर पाय ठेवायचा नाही. वडलांच्या वेळेपासून या घराले कोनी पाठ नाही केली."

चौथ्या दिवशी अमरावतीहून खबर आली. बाईडॉक्टरनं पोट चिरून रोग काढून टाकला. आणखी दोन घटका उशीर झाला असता तर उपाय नव्हता, असं ती म्हणाली. दुर्गाबाईंना हे विहिरीवर कळलं. त्यांनी घागर खाली ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा घागर उचलली.

त्यानंतर महिनाभर गावात एकच गोष्ट फिरली. दर्यापूरच्या डॉक्टरनं पडद्याबाहेर बसून, हात न लावता, तोंड न पाहता रोग ओळखला. गोष्ट कापसाच्या जिनात पोचली, बाजारात पोचली, अकोटच्या पाहुण्यांपर्यंत गेली. कुणी म्हणे त्यानं नवऱ्याच्या नाडीवरून बायकोचं दुखणं सांगितलं. दुर्गाबाईंचं नाव निघायचं ते एवढंच, की म्हातारपणी बाईची बुद्धी फिरली, देशमुखांना पाठ करून उभी राहिली. देशमुखांच्या धाकानं दोन घरांनी बाळंतपणाला पलीकडच्या गावची सुईण आणली. आणि गोदाबाई समोरून आली की रस्ता बदलायची. तेवढं मात्र दुर्गाबाईंना न्यायाचं वाटलं.

रुख्मिणी घरी आली, हिंडूफिरू लागली, तेव्हा खुशालरावांनी सत्यनारायण घातला. सगळ्या गावाला प्रसादाचं बोलावणं होतं. दुर्गाबाई गेल्या. बंदी ओसरीला होती, अंगणाला नव्हती. फाटकाजवळ, सगळ्यांच्या मागं उभ्या राहिल्या. पोर चालते कशी, एवढं एकदा पडद्याआडून का होईना कळावं, दुसरं काही नको होतं.

डॉक्टर हरिहर मोठ्या खुर्चीत होते. खुशालरावांनी त्यांना जरीकाठी फेटा बांधला, शेला दिला, नारळ दिला, आणि अंगणाकडं वळून बोलायला लागले.

"देवाची किरपा, अन् डॉक्टरसाहेबाइची इद्या. याइनं पडद्याले हात नाही लावला. इथं या खुर्चीत बसून रोग ओयखला. माहा पडदाही राह्यला अन् सूनही राह्यली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ते उठले. अंगणभर नजर फिरवली आणि ती फाटकापाशी येऊन थांबली. शेल्याच्या टोकाशी त्यांची बोटं चाळा करू लागली. दुर्गाबाई त्यांच्याकडं पाहत होत्या. एक नाव घ्यायला किती वेळ लागतो.

"मी विशेष काही केलं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि खाली बसले.

खरंच बोलला माणूस. पण लोकांना तो विनय वाटला, आणि पहिल्यापेक्षा जोरात टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी त्या पडू दिल्या.

"याले म्हनते शिकलेला मानूस," खुशालराव म्हणाले. "नाही तर गावात काही लोक हायेत. चार पोटं चोळली की स्वताले डॉक्टर समजतात, अन् मालकाले पाठ करून उभे राहतात."

माना मागं वळल्या. कुणी तरी हसलं. दुर्गाबाईंनी द्रोणातला प्रसाद पदराच्या गाठीत बांधला. भांडायला शब्द खूप होते, पण ज्याला डावं उजवं कळत नाही त्याच्याशी काय भांडायचं. त्या वळून फाटकाकडं चालू लागल्या.

"मामंजी."

आवाज इतका बारीक होता की पुढच्या ओळीतल्यांनी आधी एकमेकांकडं पाहिलं. तो पडद्याआडून आला होता. चार वर्षांत त्या ओसरीनं तो कधी ऐकला नव्हता. खुशालरावांनी असं पाहिलं की जसं काही भिंत बोलली. आतून माणिकबाईंचं घाईचं "अगं, अगं" ऐकू आलं, पण आवाज थांबला नाही.

"त्या दिशी मावशीची पाठ तुमच्याकडं होती, मामंजी. मी पलंगावर होती. पडदा एका अंगानं अपुरा हाये." दम लागला होता, तो घेऊन ती पुढं म्हणाली, "मावशीचं तोंड माह्याकडं होतं. गोदामावशीच्या लेकीचं सांगत होत्या तवा मी पाहिलं ते. एकटीनं पाहिलं. मांगून सासूबाई वाटी तोंडाले लावत होत्या, मी दात उघडले नाही."

डॉक्टरांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर घेतला आणि त्याच्याकडंच पाहत बसले.

फाटकाच्या आगळीवर हात ठेवलेल्या दुर्गाबाई थांबल्या. मग सावकाश वळल्या. आता त्यांचं तोंड ओसरीकडं होतं, भर उन्हात, पडद्याशिवाय, आणि ओसरीवरच्या एकालाही त्याच्याकडं पाहवत नव्हतं.